विंगेत राहून गेलेली माणसं

शेक्सपिअरच्या शोकांतिकांवर लिहिताना स्पॉइलर अलर्ट वगैरे देण्यात काही अर्थ नाही. हॅम्लेट मरतो, मॅकबेथ मरतो, लिअर मरतो आणि त्याच्या जरा आधी त्याची ती एकमेव धड पोरगी, कॉर्डेलिया, मरते, ऑथेल्लो बायकोला गुदमरवून मारतो आणि मग स्वतःला संपवतो. चारशे वर्षं झाली, सगळ्यांना माहितीये. तरी लोक परत परत बघतात, डायरेक्टर लोक परत परत सिनेमे काढतात, आणि सिनेमा आला की कोणीतरी हमखास विचारतं, "काय रे, शेवट बदललाय का?"

आता मरणं फारशी कोणी बदलत नाही, असं माझं मत होत चाललंय. बदलतात ती त्यानंतरची दोन-चार मिनिटं. म्हणजे स्टेजवर मढी पडलीयेत, मुख्य माणसं संपलीयेत, आणि तरी कोणीतरी अजून उभं आहे आणि बोलतंय. ते कोण आणि ते काय बोलतं, हे नाटक बघताना आपल्या डोक्यातही राहत नाही कारण आपण अजून मेलेल्यांकडेच बघत असतो. पण सिनेमावाले नेमके तिथेच हात घालतात.

ही मिनिटं मुळात आहेतच का, याचं कारण एकदम व्यवहारी आहे. शेक्सपिअरच्या थिएटरला दर्शनी पडदा नव्हता. दुपारच्या उजेडात प्रयोग, तिन्ही बाजूंनी लोक, लाइट्स घालवायची सोय नाही. मग हॅम्लेट मेल्यावर तो नट स्टेजवर पडलाय तो आत जाणार कसा? उठून चालत गेला तर सगळा मामलाच हास्यास्पद. म्हणून नाटकातच कोणीतरी सांगायचं की उचला यांना. हॅम्लेटमध्ये फोर्टिनब्रास, म्हणजे शेजारच्या देशाचा राजपुत्र, येतो आणि चार कॅप्टन्सना सांगतो की याला सैनिकाच्या इतमामाने न्या. लिअरमध्ये त्याचा जावई ऑल्बनी तेच सांगतो. ऑथेल्लो पलंगावर मरतो त्यामुळे तिथे उचलायची गरज नाही, बघवत नाही झाका ते, एवढं म्हटलं की काम झालं. आणि जो हे फर्मान सोडतो तो उरलेल्यांत सगळ्यात मोठ्या हुद्द्याचा असतो, म्हणजे प्रेतं उचलता उचलता आता राज्य कोणाचं हेही प्रेक्षकाला कळतं. आपल्याकडे संस्कृत नाटकाला, आणि त्या वळणावर गेलेल्या जुन्या संगीत नाटकांना, शेवटी भरतवाक्य असायचं, राजा-प्रजेचं कल्याण होवो टाइप. तिकडे मढ्यांच्या राशीवर उभं राहून का होईना, साधारण तेच चालायचं.

त्यानंतर तर अजून गंमत. १५९९ मध्ये थॉमस प्लॅटर नावाचा एक स्विस माणूस लंडनला गेला होता, त्याने ज्युलियस सीझरचं नाटक पाहिलं आणि लिहून ठेवलं की नाटक संपल्यावर नटांनी फार छान नाच केला, दोघं पुरुषांच्या कपड्यात आणि दोघं बायकांच्या. म्हणजे सीझरला भोसकून झालं, ब्रूटस तलवारीवर पडून झाला, आणि मग नाच! आपण शाळा-कॉलेजात शोकांतिका शिकलो ती अशी तोंड पाडून, आणि तिकडे प्रेक्षक नाच बघून घरी.

सिनेमाला यातलं काहीच लागत नाही. कॅमेरा बंद केला की नट उठतो, कपडे झटकतो आणि चहा पितो. एक कट मारला की प्रेत गायब. त्यामुळे ज्या कामासाठी ती मिनिटं लिहिली गेली होती ते कामच संपलं, आणि डायरेक्टरच्या हातात एक मोकळी जागा आली. तिथे त्याने काय भरलं त्यावरून तो माणूस कोण, कुठल्या काळातला, कशाला घाबरणारा, हे बऱ्यापैकी कळतं.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे काहीच न भरणं. लॉरेन्स ऑलिव्हिएने १९४८ च्या हॅम्लेटमधून फोर्टिनब्रास काढूनच टाकला. झेफिरेल्लीने १९९० मध्ये मेल गिब्सनला घेऊन केला त्यातही नाही. ऑलिव्हिएच्या सिनेमात शेवटी हॅम्लेटला उचलून किल्ल्याच्या जिन्यांवरून वर वर नेतात आणि संपतं, दिसायला अप्रतिम आहे, ऑस्करही मिळालं. पण फोर्टिनब्रास गेला की हॅम्लेट हा एका घरातला भाऊबंदकीचा मामला होऊन बसतो. काका, आई, पोरगा. नाटकात तसं नाहीये. नाटकात पहिल्या सीनपासून पहारेकरी टेन्शनमध्ये आहेत, शेजारच्या राजाचा पोरगा सैन्य जमवतोय, आणि या घरातली मंडळी एकमेकांना विष पाजण्यात इतकी गुंग की शेवटी तो शेजारी आयता येऊन सिंहासनावर बसतो. केनेथ ब्रॅनाने १९९६ मध्ये अख्खं चार तासांचं नाटक पडद्यावर घेतलं तेव्हा त्याने हे पार ताणून दाखवलं, आत तलवारबाजी चाललीय आणि बाहेरून फोर्टिनब्रासची फौज खिडक्या फोडून घुसतेय, शेवटी हॅम्लेटच्या बापाचा पुतळा पाडतात. जरा ओव्हर आहे, मान्य. पण मला ऑलिव्हिएच्या त्या देखण्या जिन्यापेक्षा हा पुतळा पाडण्याचा भडकपणा जास्त खरा वाटतो.

शेवट गोड करून टाकायची हौस ही सिनेमाची देणगी आहे असं एक बोललं जातं, ते मात्र साफ खोटं आहे. नेहम टेट नावाच्या कवीने १६८१ मध्येच लिअर 'दुरुस्त' केला होता. त्यात लिअर जगतो, कॉर्डेलिया जगते, तिचं एडगर नावाच्या सरदारपुत्राशी लग्नही लागतं, आणि इंग्रजी रंगभूमीवर जवळजवळ दीडशे वर्षं हाच लिअर चालला! एडमंड कीन या नटाने १८२३ मध्ये दुःखी शेवट परत आणून पाहिला, आणि टेटला पुरता निरोप देऊन मूळ लिअर, विदूषकासकट, आला तो १८३८ मध्ये, मॅक्रीडी या नटाने आणला. आपण हसतो टेटला, पण शेक्सपिअरची नाटकं संपादित करणाऱ्या डॉक्टर जॉन्सनसारख्या माणसाने लिहून ठेवलंय की कॉर्डेलियाच्या मरणाचा त्याला इतका धक्का बसला होता की संपादनासाठी नाइलाज झाला तेव्हाच त्याने ते शेवटचे सीन परत वाचले. आणि आणखी एक, शेक्सपिअरच्या आधी लिअरच्या गोष्टीवर जे जुनं नाटक होतं ना, १६०५ मध्ये छापलेलं, त्यात शेवट गोडच आहे, म्हातारा परत गादीवर बसतो. म्हणजे शेवट बदलणारा पहिला माणूस खुद्द शेक्सपिअर. ग्लोबमध्ये, म्हणजे शेक्सपिअरच्या थिएटरात, ते नाटक पहिल्यांदा बघायला आलेल्या माणसाला शेवट 'माहीत होता', राजा परत येणार, पोरगी वाचणार, आणि मग लिअर तिचं प्रेत हातात घेऊन स्टेजवर येतो. तो धक्का आता आपल्याला कधीच बसू शकत नाही.

दबावाखाली बदललेल्या शेवटांत मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो तो 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर'चा. टेनेसी विल्यम्सचं नाटक १९४७ चं, एलिया कझानचा सिनेमा १९५१ चा, स्टेजवरचे बरेचसे नट तेच, ब्रँडो वगैरे. स्टॅन्लीने मेहुणीवर, म्हणजे ब्लांशवर, बलात्कार केलाय, ती कोलमडलीये, तिला वेड्यांच्या इस्पितळात नेतायत, आणि नाटकात तिची सख्खी बहीण स्टेला रडत रडत नवऱ्याच्याच मिठीत राहते. तो तिला गोंजारतो आणि मागे पत्त्यांचा डाव पुढे सुरू. इतकं भयंकर आहे ते. हॉलिवूडची तेव्हाची सेन्सॉरवाली यंत्रणा म्हणाली हे चालणार नाही, त्या माणसाला शिक्षा झाली पाहिजे. मग सिनेमात स्टेला बाळाला उचलते, परत येणार नाही म्हणते, आणि वरच्या मजल्यावर शेजारणीकडे जाते. आजच्या नजरेने बघितलं तर वाटतं, बरं झालं की, बाईने नवरा सोडला! पण वरच्याच मजल्यावर गेलीये ती, आणि याच सिनेमात आधी एकदा मार खाऊन ती वर गेली होती आणि स्टॅन्लीने खालून हाका मारल्यावर खाली आली होती. सेन्सॉरला वाटलं आपण न्याय केला. जिना तर तिथेच आहे. कझानने हे मुद्दाम केलं की आपसूक झालं ते जाऊ दे, पण लादलेला शेवट मूळ शेवटाइतकाच कडू निघाल्याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

पण माझा जीव खरा अडकतो तो तिसऱ्या प्रकारात. ज्यांनी ती मोकळी जागा भरायला नाटकातूनच कोणाला तरी शोधून आणलं, आणि तेही असं माणूस की ज्याला नाटक मध्येच कुठेतरी विसरून गेलं होतं.

डोनलबेन घ्या. मॅकबेथमधला राजा डंकन, त्याची दोन पोरं, माल्कम आणि डोनलबेन. मॅकबेथने बापाचा खून केल्यावर दोघं पळतात, थोरला इंग्लंडला, धाकटा आयर्लंडला. माल्कम परत येतो, सैन्य आणतो, शेवटी राजा होतो. डोनलबेन? पाचव्या अंकात एक जण सहज विचारतो की तो भावाबरोबर आहे का, दुसरा म्हणतो नाही, नक्की नाही. बस, विषय संपला. रोमान पोलान्स्कीने १९७१ मध्ये मॅकबेथ केला तेव्हा हा धागा बरोबर उचलला. मॅकबेथचं मुंडकं उडालंय, माल्कमच्या हातात मुकुट आलाय, सगळं संपलं असं वाटतं आणि मग पावसात एक घोडेस्वार येतो, उतरतो, लंगडत लंगडत, ज्यांच्या भविष्यामुळे मॅकबेथला गादीची हाव सुटली होती त्या चेटकिणींच्या बिळाकडे जातो. धाकटा भाऊ. एक शब्द नाही. म्हणजे हे सगळं पुन्हा. पोलान्स्कीच्या गरोदर बायकोचा १९६९ मध्ये घरात घुसून खून झाला होता, आणि त्यानंतर त्याने केलेला हा पहिला सिनेमा, त्यामुळे बरेच जण हा शेवट त्याच्या वैयक्तिक दुःखात नेऊन बसवतात. असेलही. मला मात्र हा शेवट बघून तो 'नक्की नाही' एवढाच संवाद आठवतो. चारशे वर्षं नाटकात एक दार अर्धवट उघडं होतं आणि कोणी बघितलंच नव्हतं.

मॅकबेथमध्ये असं अजून एक पोरगं आहे, फ्लीआन्स, मॅकबेथचा साथीदार बँको याचा मुलगा. तिसऱ्या अंकात मारेकरी बापाला मारतात, हा अंधारात पळतो आणि नाटकातून कायमचा जातो. आता चेटकिणींनी तर सांगितलं होतं की बँकोचे वंशज राजे होणार, आणि शेवटी गादीवर बसतो माल्कम, मग हे भविष्य गेलं कुठे? शेक्सपिअरच्या प्रेक्षकाला हा प्रश्नच पडला नसणार, कारण १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आलेला राजा जेम्स स्वतःला बँकोचाच वंशज मानायचा. फ्लीआन्सचं पुढे काय झालं याचं उत्तर तिकडे राजवाड्यात बसलेलं होतं! ते आपल्याला कुठून कळणार. म्हणून जोएल कोएनला २०२१ मध्ये ते दाखवावं लागलं, शेवटी रॉस नावाचा तो सगळ्या पक्षांत फिरून आलेला सरदार त्या पोराला घोड्यावर घेऊन जातो आणि समोरून पक्ष्यांचा काळा लोंढा उसळतो. रॉस मला आजच्या राजकारणातला वाटतो, कोणाचंही सरकार येवो, हा शपथविधीला पहिल्या रांगेत.

जपानी डायरेक्टर कुरोसावाने मॅकबेथवरच्या १९५७ च्या 'थ्रोन ऑफ ब्लड'मध्ये उलटं केलंय, तिथे माल्कमचा राज्याभिषेक वगैरे भानगडच नाही, नायकाला त्याचेच सैनिक बाणांनी चाळण करून मारतात. समोरासमोर द्वंद्व नाही, नाटकात मॅकबेथला मारणाऱ्या मॅकडफचा सूड नाही. कालपर्यंत जयजयकार करणारेच आज नेम धरतात. त्यानंतर फक्त धुकं.

१९७१ हे वर्ष या बाबतीत विचित्रच म्हणायचं, पोलान्स्कीचा मॅकबेथ त्याच वर्षीचा आणि दोन लिअरही त्याच वर्षीचे. पीटर ब्रूकच्या लिअरमध्ये लिअर झालेल्या पॉल स्कोफील्डचं डोकं हळूहळू मागे जात जात फ्रेमच्या बाहेर पडतं आणि पडद्यावर उरतो नुसता पांढरा रंग. दुसरा रशियातला, ग्रिगोरी कोझिंत्सेवचा, पास्टरनाकचं भाषांतर आणि शोस्ताकोविचचं संगीत, लिअर झालाय युरी यार्वेत नावाचा एस्टोनियन नट, बारीकसा, पांढऱ्या केसांचा, राजा वगैरे अजिबात न वाटणारा.

लिअरमधला विदूषक हा तर विसरलेल्या माणसांचा शिरोमणी. वादळात म्हाताऱ्याबरोबर भिजणारा, एकटाच त्याला तोंडावर खरं सांगणारा, आणि तिसऱ्या अंकात, मी दुपारी झोपायला जाईन असलं काहीतरी विचित्र बोलून गायब होतो. कुठे गेला, मेला की पळाला, कोणी विचारतही नाही. काही अभ्यासक म्हणतात की कॉर्डेलियाचं काम करणारा पोरगाच विदूषकही करत असेल, कारण दोघं एकदाही एकत्र स्टेजवर येत नाहीत. असेल बापडा. पण कोझिंत्सेवने काय केलं, त्याला मरूच दिलं नाही. त्याचा विदूषक म्हणजे ओलेग दाल, केस भादरलेला, फाटका, एखाद्या छावणीतून सुटलेल्या पोरासारखा दिसणारा. शेवटी शहर जळून गेलंय, लिअर आणि कॉर्डेलियाला उचलून नेतायत, आणि हा रस्त्यात बसून रडत पावा वाजवतोय. प्रेत नेणारा एक सैनिक त्याला लाथ मारून बाजूला सारतो. तो बाजूला होतो, आणि परत वाजवायला लागतो. शेक्सपिअरने प्रेतं उचलायला जी माणसं बोलावली होती तीच ही माणसं. चारशे वर्षं ती बिनचेहऱ्याची आत-बाहेर करत होती, आणि कोझिंत्सेवने एका लाथेत दाखवून दिलं की प्रेतं उचलणाऱ्यांच्या वाटेत जिवंत माणसंही येतात. मी आजवर पाहिलेल्या लिअरच्या शेवटांत हा माझा सगळ्यात आवडता. कारण विचारू नका, वर लिहिलंय तेच.

कुरोसावाचा 'रान' मग १९८५ चा, तेव्हा त्याचं वय ७५. मुलींच्या जागी तीन मुलगे, तारो, जिरो, साबुरो. साबुरो म्हणजे कॉर्डेलिया. बाप-लेकाची भेट होते, एका घोड्यावरून चाललेत, आणि कुठून तरी एक गोळी येते आणि पोरगा जातो, त्याच्या मागे म्हातारा हिदेतोराही. इथपर्यंत लिअरच. पण कुरोसावाने एक मोठी गोष्ट बदललीये. मूळ लिअरला भूतकाळच नाही. ऐंशी पार केलेला राजा, त्याने काय केलं, कोणाला लुटलं, किती गावं जाळली, काही नाही, तो येतो तोच पोरींना राज्य वाटत. हिदेतोराला मात्र भूतकाळ आहे, आणि तो रक्तानं भरलेला. त्याने सुनांची माहेरं उद्ध्वस्त केलीयेत. एका सुनेच्या भावाला, त्सुरुमारूला, जीव वाचवायच्या बदल्यात पोरवयात आंधळा केलाय. आणि सिनेमा संपतो तो या त्सुरुमारूवर, म्हाताऱ्यावर नाही. बहिणीची वाट बघत तो पडक्या किल्ल्याच्या कड्यावर एकटाच, ती मेलीये हे त्याला माहीत नाही, काठीने चाचपत पुढे येतो, पाय घसरता घसरता वाचतो आणि बहिणीने दिलेली बुद्धाच्या चित्राची गुंडाळी हातातून खाली पडते. कॅमेरा लांब लांब जातो. म्हणजे दोन-अडीच तास आपण ज्या बापासाठी हळहळत होतो त्याने ज्याचं वाटोळं केलं तो माणूस शेवटी समोर उभा केलाय. तुम्ही रडताय ते कोणासाठी, जरा बघा.

हे आपल्याकडे विशाल भारद्वाजने तीनदा केलं आणि तिन्ही वेळा वेगळं. 'मक़बूल'मध्ये (२००३) मुंबईचं अंडरवर्ल्ड, आणि शेवटी मक़बूल हॉस्पिटलमध्ये स्वतःचं म्हणून जे बाळ उचलायला जातो ते त्याच्या वैऱ्यांच्या, म्हणजे त्यानेच मारलेल्या डॉनच्या, अब्बाजींच्या, पोरीच्या आणि गुड्डूच्या हातात असतं. ती त्याला जवळ घेतेय हे बघून तो बंदूक टाकतो आणि बाहेर येऊन गोळी खातो. मॅकबेथला मूल नाही, त्याचा वंश खुंटणार हेच त्याचं दुखणं, आणि इथे मूल आहे पण ते वाचायचं तर वैऱ्याच्या घरातच. इरफानचा त्या वेळचा चेहरा... असो, त्याच्यावर लिहायला बसलो तर हे राहून जाईल.

'ओंकारा'मध्ये (२००६), म्हणजे ऑथेल्लोत, तर सरळ हिशोब फिरवला. नाटकात ऑथेल्लोला खोटं सांगून भडकवणारा इयागो स्वतःच्या बायकोला, एमिलियाला, भोसकतो आणि स्वतः जिवंत राहतो, वर मी आता एक शब्द बोलणार नाही म्हणून गप्प. सिनेमात इंदू म्हणजे कोंकणा सेन धारदार हत्यार घेऊन नवऱ्याला, म्हणजे इथल्या इयागोला, लंगडा त्यागीलाच संपवते. थिएटरमध्ये त्या वेळी पब्लिकला बरं वाटलेलं स्पष्ट कळतं. मला स्वतःला नाटकातला तो जिवंत, गप्प इयागो जास्त भीतीदायक वाटतो, कारण त्याने का केलं हे कधीच कळत नाही आणि तो मेला असता तरी कळलं नसतं. पण इंदूला विंगेतून ओढून मध्यभागी आणलं हे मात्र मान्य करायला पाहिजे, शेवटी डोळे कोरडे पडेपर्यंत तीच उरते.

आणि 'हैदर' (२०१४). १९९५ चं काश्मीर, कबरस्तान, बर्फ. नाटकात आई नकळत विषाचा प्याला पिते, इथे तब्बू स्वतःच्या अंगावर स्फोटकं बांधून येते. काका खुर्रम पाय तुटून पडलाय, मरण मागतोय, आणि हैदर त्याला न मारता निघून जातो. चारशे वर्षांतल्या सगळ्यात प्रसिद्ध सुडाच्या नाटकातून सूडच काढून टाकला! यावर पुष्कळ लोक चिडले होते, मला वाटतं की काश्मीरची गोष्ट सांगताना दुसरा कुठलाही शेवट त्याला परवडलाच नसता. फोर्टिनब्रास कुठे गेला हे मात्र विचारू नका. सिनेमाभर लष्कर आहेच, त्याला वेगळी एन्ट्री कशाला.

रोमिओ-ज्युलिएटचं थोडक्यात. ज्युलिएट रोमिओ मरायच्या आत जागी होते हा बदल बाझ लुरमनच्या १९९६ च्या सिनेमाचा म्हणून सांगतात, पण थॉमस ऑटवेने १६७९ मध्ये आणि डेव्हिड गॅरिकने १७४८ मध्ये तो स्टेजवर करून झाला होता. हिंदी सिनेमाने तर दोघांना एकत्रच मरायची सोय करून दिलीये. मूळ नाटकातला खरा शेवट, म्हणजे दोन बाप पोरं घालवून झाल्यावर एकमेकांना सोन्याचे पुतळे उभारायचं कबूल करतात तो, कोणालाच नको असतो. पुतळे हा आपल्याकडे चालेल असा विषय होता खरं तर.

आता नटसम्राट. २३ डिसेंबर १९७० ला पहिला प्रयोग, म्हणजे ते दोन लिअर थिएटरांत यायच्या थोडंच आधी इकडे शिरवाडकरांचा लिअर उभा राहिला होता, धी गोवा हिंदू असोसिएशनची निर्मिती, डॉ. लागू आणि शांता जोग. शिरवाडकरांनी लिअरचं राज्य काढून घेतलं आणि त्याला रंगभूमी दिली, ते करताना आपण सगळे बापाच्या बाजूला जाऊन बसलो ते आजतागायत. सून-मुलगा, मुलगी-जावई यांची बाजू मांडणारा त्सुरुमारूसारखा कोणी त्यात नाही, असं आपल्या लोकांत बोललं तर मार खायची वेळ येते, म्हणून इथे लिहितोय.

नाटकात अप्पा घरं सोडत सोडत फुटपाथवर येतात, बूटपॉलिश करणाऱ्या राजाच्या सोबतीला. महेश मांजरेकरच्या २०१६ च्या सिनेमात नाना पाटेकरचे अप्पा जळालेल्या थिएटरच्या अवशेषांत येतात. रामभाऊ नावाचा जुना नट-मित्र हाही सिनेमाने नवा घातलेला, विक्रम गोखलेंनी केलेला, आणि खोटं कशाला बोला, त्या दोघांचे सीन सिनेमातले सगळ्यात भारी आहेत. पण ते जळकं थिएटर का लागलं यावर मी बराच विचार केलाय. नाटकात त्याची गरजच नव्हती. नाटकातला फुटपाथ हा मुळात स्टेजवरच असतो, अप्पा फुटपाथवर आहेत आणि त्याच वेळी डॉ. लागू किंवा दत्ताराम किंवा सतीश दुभाषी किंवा यशवंत दत्त भरलेल्या नाट्यगृहात उभे आहेत, नटसम्राट आपल्या राज्यातच मरतोय हे न सांगता समोर दिसतंय. सिनेमात फुटपाथ म्हणजे नुसता फुटपाथ. म्हणून मांजरेकरला स्टेज बांधावं लागलं आणि ते पडद्यावर कळावं म्हणून जाळावंही लागलं.

आणि नाटकात पडदा पडल्यावर परत उघडतो. मेलेले अप्पा हात जोडून उभे असतात. आपल्याकडे तर लोक आत मेकअप रूममध्ये जाऊन भेटतात, आत्ता पाच मिनिटांपूर्वी मेलेल्या माणसाच्या पाया पडतात, सेल्फी घेतात, तो घाम पुसत विचारतो की कसं झालं. प्लॅटरने पाहिलेल्या त्या नाचापेक्षा हे फार वेगळं नाहीये. शोकांतिका बघून माणूस घरी धड जेवू शकतो त्याचं अर्धं कारण हे असावं. सिनेमातला मेलेला उठत नाही, पाट्या वर सरकत राहतात आणि सफाईवाले झाडू घेऊन आत येतात. म्हणूनच सिनेमाच्या डायरेक्टरला शेवटी कोणीतरी जिवंत माणूस हवा असतो, विदूषक, बाळ, आंधळा पोरगा, इंदू, कोणीही.

हे सगळं डोक्यात घोळत असताना मी परवा 'एकच प्याला' काढून वाचत होतो. गडकरी गेले जानेवारी १९१९ मध्ये आणि नाटक गंधर्व मंडळीने स्टेजवर आणलं त्यानंतर, बालगंधर्वांची सिंधू. पोर जातं, सिंधू जाते, सुधाकर जातो, तळीराम तर आधीच गेलाय. सगळ्या चर्चा सिंधूवर, तिने नवऱ्याला शेवटपर्यंत पाठीशी घातलं ते बरोबर की चूक, शंभर वर्षं तेच. पण तळीरामाची बायको गीता त्या नाटकात आहे, तिखट तोंडाची, नवऱ्याच्या दारूचं कौतुक एका शब्दाने न करणारी, सिंधूच्या बरोबरीने सगळं बघणारी, आणि ती जिवंत राहते. उद्या कोणी यावर सिनेमा केलाच तर सुधाकरचा प्याला, सिंधूचं शेवटचं बोलणं, सगळं जसंच्या तसं ठेवा, हात लावू नका. फक्त त्यानंतरची दोन-चार मिनिटं गीताला द्या. ती काय करेल ते मला खरंच माहीत नाही, पण रडत बसणार नाही एवढं नक्की.